वाळवंटात पायदळ कुठे हरतं? टोब्रुक, जून १९४२

दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेचा नकाशा पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिश साम्राज्याचं सैन्य इजिप्तमधून निघतं आणि दोन महिन्यांत लिबियात सुमारे ८०० किलोमीटर आत घुसतं. मार्च १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेल हल्ला करतो आणि काही आठवड्यांत तेच सैन्य पुन्हा इजिप्तच्या सीमेवर येतं. नोव्हेंबर १९४१ मध्ये पुन्हा पुढे, जानेवारी १९४२ मध्ये पुन्हा मागे. जूनमध्ये लिबियातलं टोब्रुक बंदर पडतं आणि पुढच्या दहा दिवसांत जर्मन रणगाडे अलेक्झांड्रियापासून शंभरेक किलोमीटरवर येऊन ठेपतात. नोव्हेंबरपासून उलटी धाव सुरू होते, ती मे १९४३ मध्ये ट्युनिशियात संपते.

एवढी पळापळ का? सैनिक भित्रे होते, की सेनापती नालायक? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण २० जून १९४२ च्या सकाळी टोब्रुकची तटबंदी जिथे फुटली तिथे मराठा पलटण उभी होती. ‘मराठ्यांच्या भागातून शत्रू आत आला’ हे अर्धं वाक्य इतिहासात राहिलं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर वाळवंटातलं युद्ध चालतं कसं, तिथून सुरुवात करावी लागते.

## पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन

तीन शब्द एकदा पक्के करू. पलटण म्हणजे बटालियन, साधारण ८०० माणसांची. तीन पलटणी आणि जोडीला तोफा, सॅपर (सुरुंग-पुलांची कामं करणारे सैनिक), डॉक्टर मिळून ब्रिगेड होते. तीन ब्रिगेडची एक डिव्हिजन, पंधरा हजारांच्या आसपास माणसं. त्या काळच्या भारतीय ब्रिगेडमध्ये बहुधा एक पलटण ब्रिटिश आणि दोन भारतीय असत.

२/५ मराठा म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची दुसरी पलटण. रेजिमेंटचं केंद्र तेव्हाही बेळगावात होतं, आणि भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यांतून होत असे. टोब्रुकमध्ये ही पलटण ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती. सोबतीला स्कॉटलंडची कॅमेरन हायलँडर्स आणि गुरख्यांची २/७ पलटण.

## रसदेचं गणित

माण किंवा जत तालुक्यातल्या उन्हाळ्यातला टँकर डोळ्यांसमोर आणा. भरणा केंद्र गावापासून दहा किलोमीटरवर असेल तर दिवसाला चार खेपा होतात. साठ किलोमीटरवर असेल तर एखादीच. टँकर तोच आणि ड्रायव्हरही तोच, पण गावाला मिळणारं पाणी चौथाईवर येतं आणि डिझेल मात्र तेवढंच किंवा जास्त जळतं.

लिबियात नेमकं हेच होत होतं, फक्त अंतरं शेकड्यांत होती. रोमेलचं मुख्य बंदर त्रिपोली. तिथून बेनगाझी सुमारे हजार किलोमीटर, बेनगाझीहून टोब्रुक साडेचारशेच्या वर, टोब्रुकहून अलेक्झांड्रिया आणखी सहाशेच्या पुढे. मधे खाण्यापिण्याचं काहीच पिकत नाही. किनाऱ्याला धरून एक डांबरी रस्ता, आणि तोही विमानांच्या माऱ्याखाली. जर्मन सैन्याच्या हिशोबाने एका मोटारयुक्त डिव्हिजनला पाण्यासकट रोज ३५० टन माल लागत होता. तो ४८० किलोमीटर पुढे पोचवायचा तर दोन टनी ट्रकांच्या ३९ तुकड्या हव्यात, प्रत्येक तुकडीत ३० ट्रक. म्हणजे एकाच डिव्हिजनसाठी १,१७० ट्रक, आणि तेही बंदरापासून ४८० किलोमीटरपर्यंतच.

आता नकाशा उलगडतो. जिंकणारा पुढे जातो, तसं त्याचं बंदर मागे पडतं. त्याचे ट्रक झिजतात, आणि बंदरात उतरलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा पेट्रोल वाहण्यातच जळतो. हरणारा मागे येतो तेव्हा स्वतःच्या बंदराजवळ येतो. त्याला रोज ताजा माल मिळतो, दुरुस्त झालेले रणगाडे लगेच परत मिळतात. काही आठवड्यांत पारडं फिरतं. दोन वर्षांत ते अनेकदा फिरलं.

ब्रिटिशांनी यावर उपाय म्हणून इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या मेर्सा मात्रूहपासून पश्चिमेला रेल्वे टाकत नेली. डिसेंबर १९४० च्या हल्ल्याआधी तर दारूगोळा, पेट्रोल आणि पाण्याचे साठे गुपचूप वाळवंटात पुढे नेऊन ठेवले होते. त्या विजयाची चर्चा होते तेव्हा या साठ्यांचं नाव क्वचितच निघतं. माझ्या मते लढाई अर्धी तिथेच जिंकली होती.

## पाणी

माणशी दिवसाला साधारण एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर. पिणं, स्वयंपाक, धुणं, सगळं त्यात, आणि पुष्कळदा गाडीच्या रेडिएटरचा वाटाही त्यातूनच. अनेकदा तेवढंही मिळत नसे. ब्रिटिश पेट्रोलचे डबे पातळ पत्र्याचे होते आणि वाटेतच गळत. जर्मनांचा वीस लिटरचा मजबूत कॅन इतका सरस होता की ब्रिटिशांनी तो सापडेल तिथून उचलला आणि पुढे त्याची नक्कल केली. गळका डबा ही क्षुल्लक बाब वाटेल, पण प्रत्येक डबा शेकडो किलोमीटर वाहून आणलेला असतो.

पाण्याने कैद्यांचंही भवितव्य ठरवलं. मे १९४२ च्या शेवटी रोमेलच्या सैन्याने तिसऱ्या भारतीय मोटार ब्रिगेडचे पुष्कळ सैनिक पकडले होते. त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या रसदेची वाट तुटलेली होती. कैद्यांना पाजायला पाणी नाही, म्हणून सहाशेच्या आसपास भारतीय सैनिकांना वाळवंटातच मोकळं सोडून दिलं गेलं. ते तहानेने व्याकूळ होऊन चालत बिर हकीमच्या फ्रेंच ठाण्यात पोचले. फ्रेंच स्वतः वेढ्यात होते, त्यांचं पाणीही मोजकं होतं. तरी त्यांनी या माणसांना आत घेतलं.

## मोकळी बगल आणि ‘बॉक्स’

युरोपातली आघाडी डोंगर, नदी, जंगल किंवा समुद्र यांना टेकलेली असते. लिबियात उत्तरेला समुद्र आहे, पण दक्षिणेला शेकडो किलोमीटर काहीच नाही. कितीही लांब फळी उभारा, तिच्या दक्षिण टोकाला वळसा घालता येतो. ज्याच्याकडे गाड्या आणि पेट्रोल आहे तो एका रात्रीत तुमच्या पाठीमागे येऊ शकतो.

म्हणून १९४२ मध्ये ब्रिटिशांनी ‘बॉक्स’ बांधले. बॉक्स म्हणजे ब्रिगेडभर सैनिकांचा चारी दिशांना तोंड असलेला तळ. भोवती सुरुंग आणि काटेरी तारा, आत तोफा आणि काही दिवसांचं अन्नपाणी. कल्पना अशी की शत्रू बॉक्सवर अडेल आणि आपले रणगाडे बाहेरून येऊन त्याला झोडपतील.

कागदावर ठीक होतं. टोब्रुकच्या पश्चिमेला गझाला इथल्या फळीत मात्र बॉक्स एकमेकांपासून इतके दूर होते की एकाच्या तोफा दुसऱ्याच्या मदतीला पोचत नव्हत्या. आपले रणगाडे वेळेवर आले नाहीत तर बॉक्समधल्या पायदळाला एकट्यानेच लढावं लागे. आणि ते बहुतेक वेळा आले नाहीत.

२७ मे १९४२ च्या सकाळी बिर हकीमच्या आग्नेयेला तिसरी भारतीय मोटार ब्रिगेड अशीच एकटी सापडली. या घोडदळाच्या जुन्या रेजिमेंट होत्या, घोड्यांच्या जागी ट्रक आलेले. रणगाडा एकही नाही. रणगाडाविरोधी म्हणून दोन पौंडी तोफा, म्हणजे अवघ्या चाळीस मिलिमीटरच्या. त्यांचा गोळा जर्मन रणगाड्याच्या पुढच्या पोलादावर जवळून मारला तरच काही करू शके. समोरून इटालियन आरिएते डिव्हिजनच्या रणगाड्यांची लाट आली, जर्मन रणगाडेही आसपास होते. तोफखान्याने शेवटपर्यंत मारा केला, बरेच रणगाडे बंद पाडले, आणि ब्रिगेड थोड्याच वेळात चिरडली गेली. वर सांगितलेले कैदी ते हेच.

## मग भारतीय पायदळ जिंकलं कधी?

जेव्हा त्याला रणगाडे, ट्रक आणि वेळ तिन्ही मिळालं तेव्हा. ९ डिसेंबर १९४० चं निबेवा पाहा. इटालियनांनी सिदी बर्रानीच्या दक्षिणेला तटबंद छावण्या बांधल्या होत्या, पण त्यांच्यामध्ये मोठी फट ठेवली होती. चौथ्या भारतीय डिव्हिजनची ११ वी ब्रिगेड रात्री त्या फटीतून मागे गेली. राजपूत पलटणीने पूर्वेकडून गोळीबार करून पहारेकऱ्यांचं लक्ष तिकडे वेधलं. सकाळी सातच्या सुमारास जाड चिलखताचे माटिल्डा रणगाडे मागच्या बाजूने आत शिरले. पाठोपाठ कॅमेरन हायलँडर्स आणि राजपुताना रायफल्स ट्रकमधून आले, शेवटच्या काहीशे मीटरवर उतरले आणि संगिनी लावून धावले. छावणी सकाळीच पडली, इटालियन सेनापती मालेत्ती मारला गेला.

दीड वर्षानंतर टोब्रुकच्या तटावर उभी होती ती हीच ११ वी ब्रिगेड. कॅमेरन हायलँडर्सही तेच. ब्रिगेडचा दर्जा रातोरात घसरला असं म्हणायला काही आधार नाही. बदललं होतं ते तिच्याभोवतीचं सगळं.

## टोब्रुकला काय झालं

१९४१ मध्ये टोब्रुकने आठ महिने वेढा सोसला होता, बराच काळ ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या बळावर. त्यामुळे ‘टोब्रुक पडत नाही’ असं लंडनला वाटू लागलं. पण फेब्रुवारी १९४२ मध्ये मध्यपूर्वेतल्या सेनाप्रमुखांनी स्वतःच ठरवलं होतं की पुन्हा वेढ्याची पाळी आली तर टोब्रुक धरून बसायचं नाही. साहजिकच तिथली तटबंदी दुर्लक्षित झाली. तिथले सुरुंग काढून गझालाच्या फळीसाठी नेले गेले. रणगाड्यांना अडवणारा खंदक वाळूने जागोजागी भरत गेला. मग जूनच्या मध्यावर गझालाची फळी मोडली आणि चर्चिलचा आग्रह आला: टोब्रुक राखा.

तट सुमारे पन्नास किलोमीटर लांब. किल्ल्याचा सेनापती मेजर जनरल क्लॉपर दक्षिण आफ्रिकेचा, अशा कामाला नवखा. ११ व्या ब्रिगेडकडे पूर्व आणि आग्नेय बाजू. रोमेल आधी पूर्वेकडे इजिप्तच्या रोखाने निघून गेल्यासारखा दिसला आणि १९ जूनच्या रात्री मागे वळला.

२० जूनला पहाटे साडेपाचच्या सुमारास आधी विमानं आली. जवळपास जेवढी जर्मन आणि इटालियन बॉम्बफेकी विमानं होती, त्यांचा मारा आग्नेयेच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर एकवटला. तो पट्टा २/५ मराठ्यांचा. पाठोपाठ तोफा, मग सुरुंग काढणारे सैनिक, मग खंदकावर पूल. साडेआठच्या आसपास रणगाडे आत आले. प्रतिहल्ल्यासाठी राखलेले रणगाडे किल्ल्यात होते, ते पोचेपर्यंत काही तास गेले. संध्याकाळी जर्मन बंदरात होते. दुसऱ्या दिवशी क्लॉपरने शरणागती पत्करली. ३३,००० च्या आसपास माणसं कैद झाली. गुरखे आणि कॅमेरन हायलँडर्स शरणागतीनंतरही काही काळ लढत राहिले.

पन्नास किलोमीटरच्या तटापैकी शत्रूने एक पट्टा निवडला आणि दोन जर्मन चिलखती डिव्हिजन, इटालियन कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारा गट) आणि सगळं विमानदळ तिथे आणलं. पुढे अर्धवट भरलेला खंदक, सुरुंग कमी, डोक्यावर स्वतःचं एकही विमान नाही, मागून रणगाडे वेळेवर नाहीत. अशा जागी जगातली कुठलीही पलटण ठेवली असती तरी तट तिथेच फुटला असता. ‘मराठ्यांच्या भागातून’ या शब्दांनंतर हे सगळं लिहिलं जायला हवं.

## ‘तिथून निसटता आलं नसतं का?’

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुन्हा गाड्यांपाशी येतं. टोब्रुकमधली बहुतेक वाहनं बंदराजवळ उभी होती आणि पहिल्याच संध्याकाळी शत्रूच्या हाती गेली. तटाच्या पश्चिम बाजूला हजारो सैनिक होते, त्यांना खरचटलंही नव्हतं. पण सीमेपर्यंत शंभरावर किलोमीटर चालत जाणं पाण्याशिवाय अशक्य होतं. कोल्डस्ट्रीम गार्ड्सची एक तुकडी मात्र गाड्यांत बसून वेढा फोडून बाहेर पडली.

जानेवारी १९४२ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. सातवी भारतीय ब्रिगेड बेनगाझीत अडकली, रस्ता शत्रूने बंद केला. ब्रिगेडियर ब्रिग्ज यांनी तिला तीन तांड्यांत विभागलं आणि ट्रकांवरून दक्षिणेला, शत्रूच्या पिछाडीतून वाळवंट ओलांडत नेलं. बहुतेक ब्रिगेड सुखरूप परतली. धाडस मोठं होतंच, पण टाकीत पेट्रोल नसतं तर ते निघालेच नसते.

टोब्रुकच्या विजयाचा रोमेललाही तोच फायदा झाला. सुमारे दोन हजार वाहनं आणि हजार टनांहून अधिक पेट्रोल त्याच्या हाती लागलं, आणि त्याच बळावर तो इजिप्तमध्ये घुसला.

## ‘म्हणजे शौर्याला किंमतच नाही?’

आहे, आणि ती वेळेच्या रूपात मोजली जाते. १ जुलै १९४२, इजिप्तमधल्या अल अलामीनजवळचं देर अल शेन. इराकहून घाईघाईने आणलेली १८ वी भारतीय ब्रिगेड तिथे नुकतीच पोचली होती: एसेक्स, शीख आणि गुरखा पलटणी. जमीन खडकाळ, खणायला धड अवजारं नाहीत, सुरुंग पुरते पेरलेले नाहीत, मदतीला मूठभर माटिल्डा. जर्मन आफ्रिका कोअर त्या दिवशी अलामीनची फळी फोडायला निघाला आणि या ब्रिगेडवर आपटला. संध्याकाळपर्यंत ब्रिगेड संपली. पण जर्मनांचा तो संपूर्ण दिवस गेला, मोजकेच उरलेले रणगाडे आणखी घटले, आणि मागच्या फळीला सावरायला वेळ मिळाला. मला विचाराल तर इजिप्त वाचवणाऱ्या दिवसांमध्ये हा दिवस धरावा लागेल. या ब्रिगेडचं नाव आज आपल्याकडे जवळपास कुणाला ठाऊक नाही.

## अलामीनमध्ये वेगळं काय होतं?

जागा. तिथे दक्षिणेला मोकळी बगल नाही. समुद्रापासून साठेक किलोमीटरवर कत्ताराचा खोलगट प्रदेश सुरू होतो. तो समुद्रसपाटीच्या खाली आहे, मिठाची दलदल आणि भुसभुशीत वाळूचा, रणगाड्यांना न ओलांडता येणारा. म्हणजे प्रथमच फळीची दोन्ही टोकं बंद. वळसा घालणं संपलं, समोरून फोडणं उरलं, आणि पायदळ, सुरुंग आणि तोफखान्याला पुन्हा पूर्ण किंमत आली. शिवाय ब्रिटिशांचं बंदर आता शंभर किलोमीटरवर होतं आणि रोमेलची मुख्य बंदरं हजार-दोन हजारांवर. भारतीय सैनिकांनी इथल्या रुवेसात कड्यावर महिनोन्‌महिने ठाण मांडलं.

ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सेनापती मोंटगोमेरीच्या सैन्याला चार लाखांहून जास्त सुरुंगांमधून वाट काढावी लागली. बारा दिवसांनी जर्मन-इटालियन फळी मोडली. तेव्हा दक्षिणेकडच्या इटालियन पायदळ डिव्हिजनकडे ट्रक नव्हते. जे होते ते जर्मनांनी माघारीसाठी वापरले. फोल्गोरे ही इटालियन छत्रीधारी डिव्हिजन त्या लढाईत फार चिवटपणे लढली होती. तीही पाण्याशिवाय पायी चालत चालत कैद झाली. टोब्रुकच्या तटावर जे आपल्या लोकांचं झालं, तेच चार महिन्यांनी समोरच्या पायदळाचं झालं.

## ‘हे इंग्रजांचं युद्ध, आपल्याला त्याचं काय?’

प्रश्न खरा आहे. कुणी त्या जवानांना विचारून युद्ध पुकारलं नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. टोब्रुक पडलं त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुंबईत गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय कैद्यांपैकी काहीजण जर्मनीत नेताजींच्या आझाद हिंद लीजनमध्ये सामील झाले. बाकीच्यांनी शपथ मोडायला नकार दिला. दोन्ही बाजूंच्या माणसांना मी आज इथे बसून पास-नापास करणार नाही.

पण राज्य कुणाचंही असो, माणसं आपल्या गावांतली होती. अलामीनला दहन केलेल्या हिंदी सैनिकांचं स्वतंत्र स्मारक आहे, त्यावर सहाशेहून अधिक नावं आहेत. ती माणसं कशी लढली आणि कशामुळे हरली, हे नीट समजून घेतलं जाण्याचा त्यांचा हक्क राज्यकर्त्यांमुळे जात नाही.

## आज हे गणित लागू होतं का?

आपल्याच थरच्या वाळवंटात ते एकदा तपासून झालं आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानची ब्रिगेड चाळीसेक रणगाडे घेऊन लोंगेवालाच्या ठाण्यावर आली. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली २३ पंजाबची एक कंपनी, सव्वाशेच्या आसपास माणसं. कंपनीने रात्रभर धरून ठेवलं. पाकिस्तानी रणगाडे मऊ वाळूत रुतले. त्यांच्या डोक्यावर स्वतःचं विमानदळ नव्हतं. जैसलमेरची हंटर विमानं रात्री उडू शकत नव्हती, ती उजाडताच आली आणि उघड्यावर अडकलेले रणगाडे टिपत गेली. देर अल शेनसारखीच छोट्या ठाण्याने मिळवलेली रात्र, फक्त इथे सकाळी मदत पोचली.

आता ड्रोन आणि उपग्रह आले आहेत. त्यांनी रणगाडा जितका उघडा पडतो त्याहून जास्त उघडी पडते ती त्याच्या मागची ट्रकांची रांग. त्या रांगेला ना जाड चिलखत, ना लपायला झाड. म्हणून वाळवंटातल्या कुठल्याही लढाईची बातमी वाचताना रणगाड्यांचा आकडा पाहून झाला की आणखी दोन गोष्टी शोधा: जवळचं बंदर किंवा रेल्वे स्टेशन किती लांब आहे, आणि त्या वाटेवरचं आकाश कुणाच्या ताब्यात आहे.